बंडगार्डन ते कल्याणीनगर : मुळा-मुठेच्या काठावरचा शरदातला एक दिवस

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी आणि माझी भाची मुळा-मुठेच्या काठावर पक्षी पाहण्यासाठी गेलो होतो. पावसाळा सरून वरच्या धरणांतून सुटणारे पाणी कमी झाले, की बंडगार्डनच्या खाली काठाचा गाळ हळूहळू उघडा पडू लागतो, आणि नेमक्या त्याच सुमारास उत्तरेकडचे पाहुणे पक्षी पुण्यात पोहोचतात. त्यामुळे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मला इथे सर्वांत मोलाचा वाटतो.

मेट्रो सकाळी ६ वाजता सुरू होत असल्याने स्वतःचे वाहन आणण्याची गरज पडत नाही. बंडगार्डन स्थानकावर उतरून आम्ही जुन्या दगडी पुलाकडे चालत गेलो. या दिवसांत सूर्योदय साधारण ६.३५च्या सुमारास होतो; त्याच्या आधी पाच-दहा मिनिटे पोहोचावे. सकाळी पुलावरून पश्चिमेकडे, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या बाजूला पाहावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते. हे सांगायचे कारण असे, की अनेक जण थेट येरवड्याच्या काठावर जाऊन उभे राहतात. पण शरदात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे त्या काठावरून पाण्याकडे पाहताना प्रकाश डोळ्यांवर येतो आणि गाळावर चरणाऱ्या लहान पक्ष्यांत तुतारी कोणती, चिखल्या कोणता हेच ओळखू येत नाही.

पुलाखालच्या खडकांवर पहिला दिसला तो राखी धोबी. वीस पावलांवरच होता. पाठ राखाडी, शेपटीखाली लिंबासारखा पिवळा रंग, आणि ती लांब शेपटी क्षणभरही स्थिर नाही. प्रवाहाच्या कडेला तो एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जाई, हवेत हातभर उडून एखादा कीटक टिपी आणि पुन्हा त्याच दगडावर येई. हिमालयात घरटे करणारा हा मूठभर पक्षी हिवाळ्यासाठी एवढ्या दूर येतो, हे भाचीला सांगितल्यावर ती बराच वेळ दुर्बीण खाली घेईना.

तिथून आम्ही येरवड्याच्या बाजूला, पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडीच्या पट्ट्याकडे गेलो. बाभळी आणि सुबाभळीतून पाण्यापर्यंत पायवाटा उतरतात. गाळाच्या कडेला लांब पायांचे शेकाटे, ठिपकेवाल्या तुताऱ्या, हळदी-कुंकू बदके आणि चार थापटे (रुंद, चपट्या चोचीची बदके) असा मेळा होता. इथे माझ्याकडून एक चूक झाली. थापटे नीट दिसावेत म्हणून मी उघड्यावर दहा पावले पुढे गेले. टिटवीने आरडाओरडा केला आणि सगळा काठ रिकामा झाला. तुताऱ्या परत यायला अर्धा तास लागला, थापटे आलेच नाहीत. म्हणून झाडाच्या सावलीत बसून राहावे; पक्षी आपणहून जवळ येतात.

शेकाट्यांची मोठी संख्या पाहून नदी निरोगी आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. सांडपाण्याच्या गाळात वाढणाऱ्या अळ्या हे त्यांचे आवडते खाद्य असल्याने ते घाण पाण्यावरही भरपूर दिसतात. पाण्याला दुर्गंधी येते, हे आधीच सांगितलेले बरे. पायात बूट आणि अंगात लांब बाह्यांचे कपडे हवेत, आणि मऊ गाळात उतरू नये.

मला सर्वांत जास्त जाणवलेली गोष्ट वेगळीच आहे. सुशोभित केलेल्या काठावर, जिथे दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगडांचे अस्तर, थेट पाण्यात उतरते, तिथे आम्हाला पाणकावळे, खंड्या आणि घारी दिसल्या. चिखलात चोच खुपसून खाणारा एकही पक्षी दिसला नाही. तुतारीला पाय टेकायला बोटभर पाणी आणि उतरता गाळ लागतो. तो उतार गेला की तिच्यासाठी नदी असून नसल्यासारखीच, आणि उरलेला उतार राखावा असे मला मनापासून वाटते. तुम्ही गेलात तर दोन्ही काठांची नोंद वेगवेगळी ठेवा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. अशा नोंदी पुढे उपयोगी पडतात.

सकाळी ११ ते दुपारी ३ थांबण्यात अर्थ नाही. आम्ही कल्याणीनगरमध्ये जेवून चारला पुन्हा पुलावर आलो. आता पूर्वेकडे पाहायचे, कारण ऊन पश्चिमेचे असते. साडेपाचच्या सुमारास बगळ्यांच्या रांगा नदीवरून जाऊ लागल्या, आणि त्यांच्यामागून भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, एक मोठा थवा आला. ज्वारीच्या शेतावर ज्यांच्यासाठी गोफणी फिरतात त्याच या भोरड्या. पुलाच्या वर येताच थवा एकदम वळला, क्षणभर सगळा गुलाबी दिसला आणि झाडीत उतरला. अंधार पडेपर्यंत तिथून त्यांची किलबिल ऐकू येत होती.