पाटल्या मोडल्या नाहीत, ठेवल्या

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मोरीत पाय घसरून पडल्या. सांगलीच्या ज्या खाजगी दवाखान्यात रिक्षावाल्याने आम्हांला पोहोचवले, तिथे एक्स-रे पाहून खुब्याचे हाड मोडल्याचे सांगण्यात आले. वय बहात्तर असल्याने अर्धा सांधा बदलावा लागेल आणि शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असे डॉक्टर म्हणाले. या वयात माणूस अंथरुणाला खिळून राहिले की फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात, त्यामुळे थांबणे हाच मोठा धोका असतो. त्यानंतर काउंटरवरून एका कागदावर अंदाजे खर्च लिहून मिळाला : १,८५,००० रुपये.

माझे यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहेत आणि मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. दोघांचे पगार मिळून घरभाडे, मुलांच्या फिया आणि किराणा निघतो, वर फारसे उरत नाही. जी थोडी शिल्लक होती ती २०१९च्या पुरात घर पुन्हा उभे करताना संपली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, एवढे सांगितले तरी सांगलीकराला पुढचे सांगावे लागत नाही. त्या रात्री घरातल्या डब्यात साडेसहा हजार आणि खात्यावर अकरा हजार रुपये होते.

पहिले दोन तास आम्ही १,८५,००० या आकड्याकडे नुसते बघत बसलो आणि फोन करत सुटलो. आज मागे वळून पाहताना वाटते की आमची सर्वांत मोठी चूक तीच होती. ज्याला त्याला “पावणेदोन-दोन लाख लागणार आहेत” असे सांगितले की समोरचा माणूस मनातल्या मनात हिशोब करून मागे सरतो, कारण आपले पाच-दहा हजार त्या खड्ड्यात कुठे दिसणार, असे त्याला वाटते. शेवटी मीच पुन्हा काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलीला विचारले, “ताई, यातले आज किती, उद्या किती आणि घरी सोडताना किती, तेवढे वेगवेगळे सांगता का?” तिने कागदाच्या पाठीमागे लिहून दिले : आता भरती करताना २५,०००, शनिवारी संध्याकाळपर्यंत, सांधा मागवण्याआधी, ७०,०००, बाकीचे घरी सोडताना, साधारण सहाव्या दिवशी. औषधे वेगळी. एका वाक्याने पावणेदोन लाखांची रात्र पंचवीस हजारांची झाली.

त्याच कागदावर आणखी दोन प्रश्न विचारले. सांधा परदेशी कंपनीचाच हवा का, या प्रश्नावर डॉक्टरांनी, आत्यांचे वय आणि घरातल्या घरातले चालणे पाहता भारतीय बनावटीचा पुरेसा आहे, असे स्वच्छ सांगितले. स्वतंत्र खोलीऐवजी जनरल वॉर्ड घेतल्याने खोलीभाडे तर घटलेच, पण त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या भेटीचे शुल्कही खोलीच्या वर्गाप्रमाणे आकारले जात असल्याने तेही कमी झाले. शेवटचे बिल १,६९,००० झाले. हे सोळा हजार उभे करायला मला कोणाच्या दारात जावे लागले असते, याचा विचार केला की तो प्रश्न विचारायला वाटलेला संकोच हास्यास्पद वाटतो.

एक प्रश्न मात्र दवाखान्याच्या पायरीवरच विचारायला हवा होता आणि तो राहिला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा दवाखाना आहे का? नव्हता. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१७ साली तिचे नाव बदलले आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पांढऱ्या शिधापत्रिकेवरही ती मिळते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात आणि शिधापत्रिका व आधार घेऊन त्यांच्याकडे गेले की कोणता उपचार बसतो, कोणता नाही, ते सांगतात. सांगली आणि मिरज या दोन्ही ठिकाणी सरकारी रुग्णालये असताना आम्ही रिक्षा जिथे थांबली तिथे उतरलो. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हेही मला नंतर कळले. त्या अवस्थेत आत्यांना पुन्हा हलवायचे आमच्याने झाले नाही.

पंचवीस हजारांची सोय रात्री दहाच्या आत झाली. डब्यातले आणि खात्यावरचे मिळून १७,५००, आणि समोरच्या काकूंनी हातउसने दिलेले १०,०००. काकूंकडे जाताना मी रक्कम आणि तारीख ठरवून गेले होते : “दहा हजार, पुढच्या शनिवारी परत.” त्यांनी दोन मिनिटांत फोनवरून पाठवले. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम कर्ज म्हणून रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, त्यामुळे मोठी रक्कम नात्यातली असली तरी खात्यावरूनच घ्यावी. आमची तेवढी मोठी नव्हती, पण खात्यावर नोंद राहिली की पुढे दोघांच्याही मनात शंका राहत नाही. तासगावच्या वन्संनाही फोन केला. बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, अजून हातात आली नाही म्हणून त्या रडवेल्या झाल्या. पैसे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या हाती पाच किलो बेदाणे मात्र आले. दवाखान्यातल्या अर्ध्या वॉर्डाने ते खाल्ले.

आता सत्तर हजारांचा प्रश्न. त्याच रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर एका ओळखीच्याच्या ओळखीच्याने “एक लाख सकाळी हातात, पाच टक्के” असे सुचवले. आपल्याकडे सावकारीत टक्का म्हटले की तो महिन्याचा असतो. लाखाला महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार, आणि मुद्दल तसेच्या तसे. शिवाय सही केलेला कोरा धनादेश मागितला. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही. परवानाधारकालाही बिगरशेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला १५ आणि विनातारणावर १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा अधिक होऊ शकत नाही. पण खरे सांगते, रात्री साडेअकरा वाजता त्या बाकड्यावर कायदा आठवत नाही, “सकाळी हातात” एवढेच ऐकू येते. यजमानांनी मान डोलावलीही होती. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपची कथा निराळी नाही : पाच हजार मंजूर, साडेतीन हजार हातात आणि आठवड्यात पूर्ण पाच परत, शिवाय फोनमधली सगळी नावे त्यांच्या ताब्यात.

मार्ग आत्यांनीच दाखवला. शस्त्रक्रियेआधी अंगावरचे दागिने काढायला परिचारिकेने सांगितले, तेव्हा हातातल्या पाटल्या निघेनात. साबण लावून, दोघींनी मिळून, हळूहळू त्या काढल्या. आत्यांनी त्या रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, “मोडू नका, ठेवा.” या दोन क्रियापदांमधले अंतर आपल्या बायकांना शाळेत न जाता कळते. मोडला की दागिना गेला, गहाण ठेवला की परत येण्याची वाट राहते.

तरी मोडण्याचा विचार आम्ही केला, कारण व्याज नको असे वाटत होते. माझा मावसभाऊ आटपाडीकडचा, तमिळनाडूत गलाईचे दुकान चालवतो. खानापूर-आटपाडी भागातली शेकडो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यात देशभर पसरली आहेत, त्यामुळे सोन्याबाबत त्याचा शब्द मी शेवटचा मानते. तो म्हणाला, “अक्का, जुन्या पाटल्यांत आत लाख भरलेली असते, घट धरली जाईल, घडणावळ तर बुडालीच. उद्या तसल्याच करायला गेलीस तर नवी मजुरी आणि वर तीन टक्के जीएसटी. चार-सहा महिन्यांत सोडवता येणार असतील तर व्याज स्वस्त पडेल.” तो धंद्याने सोने गाळणारा, आणि त्यानेच गाळू नको म्हणून सांगितले.

शनिवार दुसरा किंवा चौथा नव्हता, बँक उघडी होती. सकाळी दहाला मी दारात होते. बँकेच्या सराफाने पाटल्या कसाला लावून पाहिल्या, लाखेचे वजन वजा केले आणि निव्वळ सोन्याची किंमत १,२०,००० धरली. बाजारभावाने ती थोडी अधिक व्हायला हवी होती. पण तेव्हाच्या नियमाने मागच्या ३० दिवसांच्या सरासरी भावाने मोजतात आणि त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देतात. (रिझर्व्ह बँकेने २०२५ साली हे नियम बदलले असून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ही मर्यादा ८५ टक्क्यांवर नेली आहे.) आम्हांला ९०,००० मंजूर झाले, वर्षाला १० टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला ७५० रुपये व्याज. तेवढ्याच रकमेवर बाकड्यावरच्या माणसाचे महिन्याचे व्याज साडेचार हजार झाले असते. दुपारी एकच्या आत पैसे खात्यावर होते. पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिली आहे ना, एवढे मी तिथेच उभी राहून वाचले. हप्त्यांची सक्ती नाही आणि मधे कितीही भरता येते, हेही विचारून घेतले.

संध्याकाळी ७०,००० भरले, रविवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली.

उरलेल्या ७४,०००साठी चार दिवस होते. एका पतसंस्थेत आमची तीस हजारांची ठेव होती, ती मागायला सोमवारी गेले तर “पुढच्या आठवड्यात बघू” असे उत्तर मिळाले, आणि पुढचे तीन आठवडे तेच मिळत राहिले. बँकेतल्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पण ते पतसंस्थांना लागू नाही. अर्धा टक्का व्याज जास्त मिळते म्हणून मीच हट्टाने तिथे पैसे ठेवले होते.

आत्यांच्या नावावर बँकेत साठ हजारांची वर्षाची ठेव होती, मुदत संपायला तीन महिने होते. नाव एकट्या आत्यांचे, आणि आत्या खाटेवर. बँकेत विचारले तेव्हा कळले की आजारी खातेदारासाठी सोय आहे. सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमक्ष, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठाही चालतो. आत्यांना सही येत होती, फक्त बँकेपर्यंत येता येत नव्हते. शाखेतले एक गृहस्थ जेवणाच्या सुटीत स्कूटरवरून दवाखान्यात आले आणि सह्या घेऊन गेले. ठेव मोडली असती तर व्याजदरात एक टक्का कपात होऊन साधारण ४५० रुपये बुडाले असते. त्याऐवजी ठेवीवर ९० टक्के म्हणजे ५४,००० कर्ज घेतले, ठेवीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. ठेवीवरचे व्याज चालूच राहिल्यामुळे तीन महिन्यांचा खरा भुर्दंड २७० रुपयांच्या आसपास पडला. फरक क्षुल्लक आहे, कबूल. पण “तुमची ठेव मोडली” असे आत्यांना सांगावे लागले नाही, त्याची किंमत मी वेगळी धरते.

शेवटचा टेकू भिशीचा. आम्ही बाराजणी महिन्याला दोन-दोन हजार घालतो. त्या महिन्याचा नंबर दुसरीचा होता आणि माझा अजून लागला नव्हता. मी गटावर काहीच लिहिले नाही, थेट तिच्या घरी गेले. तिने गॅस बारीक करून माझे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “मला दिवाळीला चालेल.” २४,००० रुपये, व्याज शून्य. यजमानांच्या शेठनी मात्र उचल “दहा तारखेनंतर बघू” म्हणून टाळली. भविष्यनिर्वाह निधीतून आजारपणासाठी ऑनलाइन केलेला अर्ज एकदा परत आला, कारण बँकेच्या विलीनीकरणानंतर बदललेला आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, आम्ही तिथे दुरुस्त केलाच नव्हता. चाळीस हजार अकराव्या दिवशी जमा झाले, आत्या घरी येऊन पाच दिवस झाल्यावर.

घरी सोडण्याच्या दिवशी बिल भरून, काकूंचे दहा हजार त्यांच्या शनिवारी परत करून, औषधे, वॉकर आणि शौचासाठीची खुर्ची घेऊन माझ्या खात्यावर अडीच हजार उरले होते. निधीचे चाळीस हजार थेट पाटल्यांच्या कर्जात भरले. तीन महिन्यांनी ठेवीची मुदत संपली, तिच्यावरचे कर्ज फेडून नऊ हजारांच्या आत-बाहेर उरले, तेही तिथेच गेले. उरलेल्या रकमेसाठी दर महिन्याला पाच हजार. आत्यांनी आता नवी ठेव केली आहे ती दोघांच्या नावावर, कोणाही एकाच्या सहीने चालेल अशी.

पाटल्या सोडवायला आत्या स्वतः काठी टेकत रिक्षाने बँकेत आल्या. सराफाने पुन्हा वजन करून दाखवले, मी जुन्या पावतीशी पडताळून पाहिले. आत्यांनी तिथेच काउंटरपाशी दोन्ही हातांत पाटल्या घातल्या. या वेळी साबण लागला नाही. मनगटावरून त्या सरळ वर घसरल्या.