बाई, थर्मामीटर बिघडलाय

मंगळवार, रात्री साडेदहा

आज नववी 'अ'चं प्रॅक्टिकल झालं. बर्फ वितळताना तापमान कसं बदलतं, हे बघायचं होतं. म्हणजे खरं तर ते कसं बदलत नाही, हे. पण ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. आठ गट, प्रत्येकात पाच जण. चंचुपात्रात कुटलेला बर्फ, खाली स्पिरिटचा दिवा अगदी बारीक, एक जण ढवळणार, एक जण घड्याळ धरणार, दर मिनिटाला वाचन घ्यायचं. उरलेले दोघं-तिघं काय करतात हे कुठल्याच प्रॅक्टिकलमध्ये मला आजवर कळलेलं नाही.

चौथ्या मिनिटाला पहिला हात वर. "बाई, आमचा थर्मामीटर बिघडलाय."

"का गं?"

"हलतच नाहीये. दिवा चालू आहे, बर्फ वितळतोय, आणि हा आपला शून्यावरच."

पाठोपाठ आणखी दोन गट. एकाला थर्मामीटर बदलून हवा होता, दुसऱ्याने न विचारताच दिव्याची वात वर ओढली होती. मी सगळ्यांना एकच सांगितलं, ढवळत राहा आणि दिसेल ते लिहा. बोलताना मनातून खूश होते. हाच गोंधळ तर हवा होता. उद्याच्या तासाला यावरूनच पुढे जायचं, असं आधीच ठरवलेलं.

संध्याकाळी आठ कागद घेऊन बसले आणि ती खुशी उतरली.

तिसऱ्या गटाचा तक्ता: ०, १, २, ३, ४, ५, सगळं कसं शिस्तीत चढत गेलेलं. आलेखाची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ. पण कागद मधल्या रकान्यात खोडरबराने इतका घासलेला की दिव्यासमोर धरल्यावर खालचे आकडे दिसले. ०, ०, ०, ०. त्यांनी बरोबर पाहिलं होतं, बरोबर लिहिलंही होतं, आणि मग पुसून टाकलं होतं.

पाचव्या गटाचं उलटं. त्यांचं प्रत्येक वाचन नेमकं ०. कुठेही अर्ध्या अंशाचाही फरक नाही. बहुतेक कुणीतरी पुस्तकातला आलेख आधी बघून आलं असणार. आता गंमत अशी की त्यांना दिलेला थर्मामीटर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो कायम एक अंश जास्त दाखवतो, म्हणून मी त्याला लाल दोरा बांधून ठेवलाय. बर्फ कसाही असो, ढवळणारा आळशी असो, तो शून्य दाखवूच शकत नाही. म्हणजे या पोरांनी थर्मामीटरकडे पाहिलंच नसावं, किंवा पाहूनही पुस्तकाचं ऐकलं असावं.

एका गटाने चुकीचं उत्तर मिळावं म्हणून खरी वाचनं पुसली, दुसऱ्याने बरोबर उत्तर मिळावं म्हणून खोटी लिहिली. आणि माझ्या गुणदानाच्या कागदावर काय आहे? 'तक्ता बरोबर – २ गुण.' त्या हिशोबाने पाचव्या गटाला दोन, तिसऱ्याला शून्य. दोन्ही ठिकाणी लबाडी सारखीच.

तिसऱ्या गटावर मला रागावता येईना. आजवर त्यांनी जे जे तापवलंय ते ते गरम झालंय. आपली भाषाही त्यांच्याच बाजूने आहे. आपणच म्हणतो ना, 'आज हवेत उष्णता फार आहे', आणि बघतो मात्र तापमानाचा आकडा. रोजच्या बोलण्यात उष्णता आणि तापमान एकाच माणसाची दोन नावं. मग वर्गात येऊन मी म्हणायचं की उष्णता आत जातेय आणि तापमान जागचं हलत नाही, तर ती पोरं थर्मामीटरवर संशय घेणार नाहीत तर काय करणार?

यात भल्याभल्यांची समजूत चुकली होती. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत साधारण समज असा होता की बर्फ वितळायच्या तापमानाला पोचला की जराशा उष्णतेने तो सगळा पाणी होतो. जोसेफ ब्लॅक हा स्कॉटिश शास्त्रज्ञ म्हणाला, तसं असतं तर ऊन पडल्याबरोबर डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून पूर आले असते. मग त्याने एकाच खोलीत सारख्या वजनाचा बर्फ आणि गोठायच्या बेतातलं थंडगार पाणी ठेवलं. पाणी ४० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या साधारण साडेचार अंश सेल्सिअसला, यायला अर्धा तास लागला. बर्फाला वितळून तिथवर यायला साडेदहा तास. दिवा नाही, काही नाही, नुसतं थांबून बघणं. आमचा तास ४० मिनिटांचा. ब्लॅक आमच्या वेळापत्रकात नापास झाला असता.

वितळताना एका ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात, हे पोरं पाठ करतात. पण तेवढ्याच उष्णतेत तेवढंच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं, असं सांगितलं की डोळे मोठे होतात. कणांची घट्ट बांधणी सोडवण्यात ती सगळी खर्ची पडते, म्हणून आकडा चढत नाही. या उष्णतेला पुस्तकात 'अप्रकट उष्मा' म्हणतात. हा शब्द मला पूर्वी जड वाटायचा. हल्ली वाटतं, किती नेमका आहे. आहे, पण दिसत नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवायलाच हवी. दुसऱ्या गटात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही. थर्मामीटर बिघडलाय म्हणून बाकीचे माझ्याकडे धावले, तेव्हा तिने तो बर्फातून काढला, रुमालाने पुसला आणि फुगा मुठीत धरून उभी राहिली. लाल रेघ सरसर वर गेली. ३० च्या पुढे गेल्यावर तिने मूठ सोडली, थर्मामीटर परत बर्फात घातला, रेघ खाली शून्याशी येऊन थांबेपर्यंत पाहिलं आणि काही न बोलता पुढचं वाचन मांडलं. माझ्या प्रयोगापेक्षा हा प्रयोग चांगला होता. तो तक्त्यात कुठेच नाही, कारण मी तसा रकानाच ठेवला नव्हता. उलट त्यांच्या गटाची त्या दोन मिनिटांची वाचनं हुकली. 'वाचन वेळेवर घेतले – १ गुण.' तोही गेला.

मगाशी गुणांचा कागद पुढ्यात घेऊन 'तक्ता बरोबर' वर काट मारली. त्या जागी काय लिहायचं ते अर्धा तास सुचलं नाही. 'वाचन खरे' लिहिलं, तर खरं आहे हे मला कळणार कसं? दर वेळी खोडरबराच्या खुणा शोधत बसू? शेवटी तक्त्याखाली एक रिकामी चौकट आखली आणि वर लिहिलं, 'तुमचा थर्मामीटर नीट चालतोय हे कसं तपासलंत?' गुण २. तक्ता पेनानेच भरायचा, चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची, पुसायचं नाही, हेही खाली लिहिलं. आणि लाल दोरा सोडून टाकला. कुठला थर्मामीटर खोटारडा आहे ते त्यांचं त्यांना सापडू दे.

उद्या दुसऱ्या तासाला 'ब' तुकडी. अकरा वाजून गेले आणि बर्फाचे ट्रे अजून ओट्यावर कोरडेच पडलेत.