बिग सरच्या जागेची नोंदवही : ऑक्टोबर ते मार्च

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं फायफर बिग सर स्टेट पार्क जुलैतल्या तंबूच्या मुक्कामासाठी पक्कं झालं. गुरुवार २३ ते रविवार २६, तीन रात्री. यादीतली पहिली जागा हुकली, चौथी मिळाली, आणि मी त्यावर खूश आहे. का, ते खाली येईलच.

नव्या मंडळींसाठी आधी एक खुलासा. त्या किनाऱ्यावर फायफर नावाच्या तीन जागा आहेत आणि दरवर्षी कोणी ना कोणी भलतीचकडे पोचतं. मॅकवे धबधबा आहे तो ज्युलिया फायफर बर्न्स पार्कमध्ये. तिथे मुक्कामाच्या जागा दोनच, त्याही चालत जायच्या. फायफर बीच वन खात्याचा, तिथे तंबू नाही. आपण बोलतोय ते रेडवूडच्या झाडीतलं, बिग सर नदीकाठचं पार्क. कार्मेल गावाच्या दक्षिणेला २६ मैल. गाडी थेट जागेपर्यंत जाते, म्हणून सगळ्यांचा डोळा त्याच्यावर.

ऑक्टोबर

नुसती पाहणी करायला गेलो. घरात यावर बरीच टिंगल झाली, पण दुसरा इलाज नाही. उपग्रहाच्या नकाशावर हे पार्क म्हणजे सलग हिरवं गोधडं; रेडवूडच्या फांद्यांखाली काय आहे, काही दिसत नाही. बुकिंगच्या पानावर जागेचा जो फोटो असतो त्यात बहुतेक वेळा कोणाची तरी गाडीच मध्यभागी असते.

सकाळी नऊच्या सुमारास रांगेनं चालत गेले. उन्हाचा कवडसा कुठे पडतोय ते पाहिलं. समुद्रावरचं धुकं आत येतं, झाडांच्या टोकांना अडकतं आणि थेंबाथेंबानं खाली टपकत राहतं. गच्च सावलीतल्या जागी तंबू दुपारपर्यंत वाळत नाही. मग पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवून बघत गेले. नदीकाठच्या एका सुंदर जागेवर, जिथे फोटो काढायचा मोह होतो तिथेच, बाटली गडगडत थेट चुलीच्या लोखंडी कड्याला जाऊन आपटली. म्हणजे रात्रभर सगळे घरंगळत एकमेकांच्या अंगावर. ती बाद. नदीकाठाला पैसेही जास्त मोजावे लागतात.

स्वच्छतागृहाचं अंतर हा आमच्याकडे कळीचा मुद्दा. सासूबाई येणार आहेत साताऱ्याहून, रात्री त्यांना टॉर्च घेऊन एकटीनं जाता आलं पाहिजे. पण अगदी शेजारची जागाही नको. तिथे दिव्याचा उजेड तंबूत येतो आणि दार रात्रभर धाडधाड वाजतं. चाळीस-पन्नास पावलं बरी. हायवेच्या बाजूच्या जागांवर गाड्यांचा आवाज येतो, त्या शेवटी टाकल्या. कडेच्या झुडपांत पॉयझन ओक आहे का तेही पाहिलं. तीन-तीन पानांचा झुबका दिसला की मुलांना लांब ठेवायचं. अंगाला खाज सुटली की आठवडा गेला.

घरी आल्यावर पसंतीच्या क्रमानं यादी केली.

डिसेंबरअखेर

तारखेचं गणित. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांचं बुकिंग आगमनाच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं. गणपतीत कोकणात जायचं रेल्वेचं तिकीट ज्यांनी काढलंय त्यांना आठ वाजताची ही धडधड नव्यानं समजवायला नको.

यातली मेख अशी की सहा महिने मोजायचे ते पहिल्या रात्रीपासून. शुक्रवारच्या आगमनाची खिडकी उघडते तेव्हा बुधवार-गुरुवारी येणाऱ्यांनी शुक्रवार-शनिवारच्या रात्री आधीच उचललेल्या असतात. मग राहतं ते उष्टं-खरकटं. म्हणून आम्ही गुरुवार धरला. एका दिवसाची रजा जाते, जाऊ दे.

२३ जानेवारी

पावणेआठला लॉगिन. कार्डाचा तपशील, गाडीचा प्रकार, माणसं किती हे आधीच भरून ठेवलं होतं. एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं, त्यात मुलंही धरतात. दोन कुटुंबं आणि सासूबाई मिळून आम्ही नऊ, म्हणजे दोन जागा हव्यात, त्याही जवळजवळ. नवरा एका लॅपटॉपवर, मी दुसऱ्या.

आठ वाजले. पहिली गेली. दुसरी निवडली तर दुसऱ्या कोणाच्या कार्टमध्ये. तिसरीचाही तोच प्रकार. तेवढ्यात पलीकडून, “अगं, चौथी आली! दुसरी कोणती घेऊ, पटकन सांग!” यादी समोर होती म्हणून क्षणभरात नंबर सांगता आला. त्या घाईत नकाशा उघडून बसलो असतो तर दोन्ही हातच्या गेल्या असत्या. बोटांच्या वेगाचं कौतुक फार होतं. माझ्या मते वेगापेक्षा यादी कामाला येते. आमची चौथीसुद्धा पायाखालची, बाटलीची परीक्षा पास झालेली जागा आहे.

दुसरी जागा मात्र तीन वळणं पलीकडची आहे. मुलांना मजा, पातेली इकडून तिकडे नेणाऱ्यांना नाही.

मार्च

शेजारची जागा सुटली तर कळावं म्हणून अलर्ट लावून ठेवलाय. लोक हौसेनं बुक करतात आणि तारीख जवळ आली की सोडतात, त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात आशा जास्त.

रस्त्यावरही लक्ष ठेवायचंय. हायवे १ चा तो पट्टा डोंगराच्या मर्जीवर चालतो. २०१७ मध्ये पार्कच्या दक्षिणेचा फायफर कॅन्यन पूल निकामी होऊन पाडावा लागला आणि तिकडची वस्ती काही महिने अडकली. आपण उत्तरेकडून जाणार, तरी निघायच्या आदल्या रात्री रस्त्याची स्थिती बघायचीच.

लाकूड घरून न्यायचं नाही. लाकडातून कीड आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्यात जातात. बिग सरच्या ओकांनी आधीच पुष्कळ सोसलंय. ते तिथेच घ्यायचं. बुकिंगचा कागद छापून ठेवलाय, कारण तिथे फोनला रेंज नसल्यातच जमा. खाणं डब्यात बंद हवं, रॅकून फार धीट आहेत, थालीपिठाची भाजणीही सोडणार नाहीत.

सासूबाईंसाठी घडीची खाट तंबूच्या दारातून आत जाते का, ते या शनिवारी परसात लावून बघणार. रात्री पारा दहा सेल्सिअसपर्यंत उतरतो, तेव्हा खाटेवर खालून गार लागू नये म्हणून जाड सतरंजी की फोमची चटई, हे अजून ठरायचंय.