दादरची सुपं गावाला

शनिवार, रात्री साडेदहा

गणपतीला आठ दिवस राहिले. यंदा गौरी पूर्वा नक्षत्रात, म्हणजे सुनेचा पहिला ओवसा, नव्या सुनेने गौरीपुढे सुपं ओवसायची. आज दादरहून पाच सुपं आणली. एकात एक घालून फ्रीजवर ठेवलीत.

गंमत म्हणजे ती गावाला न्यायची आहेत. मुंबईहून रत्नागिरीला! आमच्या लहानपणी आत्या एसटीने यायची, टपावर सुपं, रोवळ्या, एखादी परडी बांधलेली. परळच्या चाळीत अर्ध्या मजल्याला ती वाटायची. आता वाडीतल्या बुरडाच्या घराला कुलूप आहे.

मे महिन्यात मी त्या पडवीत तासन्‌तास बसून असायचे. टोपल्यांना माणगा लागायचा, आमच्याकडचा भरीव बांबू. तोही काळोख्या पंधरवड्यात तोडलेला, नाहीतर भुंगा लागतो म्हणायचे. कोयत्याने उभा चिरायचा आणि मग कामटी सोलत सोलत इतकी पातळ करायची की तिच्यातून उजेड दिसावा. चिरणारे, सोलणारे हात बुरडाचे, पण विणायला बसायची ती त्याची बायको. तिला सगळे ‘बुरडीण’ म्हणत. नाव मी कधी विचारलंच नाही. रोवळीची किंमत रोवळीभर भात. हा हिशेब कुणाच्या फायद्याचा होता, हे कळायचं ते वय नव्हतं.

२०१७ साली वनकायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ उरला नाही, म्हणजे तो तोडण्या-नेण्याची परवान्याची कटकट कमी झाली. चांगलंच झालं. पण तोवर वाडीतला कोयता खुंटीवर गेला होता.

दादरला फुटपाथवरची बाई म्हणाली, “ओवश्याची ना? मग काठ बघून देते.” तरी मी घासाघीस केलीच. वीस रुपये सुटले आणि परतताना लोकलमध्ये तेच वीस रुपये टोचत राहिले.

घरी सुनेने विचारलं, ओवसा झाल्यावर या सुपांचं करायचं काय? म्हटलं, मेथी वाटून कागदाच्या लगद्यात कालवायची, सुपाला लिंपायची, मग वर्षानुवर्षं वापरायचं. पाखडणं वेगळं, घोळणं वेगळं, आसडणं वेगळं, असंही ऐकवलं. तिने लगेच पोह्यांचं पाकीट फोडलं, “दाखवा.”

पाकिटातल्या पोह्यांत पाखडायला असतं काय! तरी मनगटाला झटका दिला. चाळीस वर्षांनी. अर्धे पोहे सोफ्याखाली गेले. आत्ता सोफा सरकवून झाडून घेतलं.