प्रोग्रॅमिंग शिकायला लॅपटॉपमध्ये काय टाकावं, काय टाळावं

डिप्लोमा, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरला प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपमध्ये सात-आठ सॉफ्टवेअर टाकायची घाई होते. काही पेनड्राइव्हवरून येतात, काही व्हिडिओ पाहून टाकली जातात, आणि दहा दिवसांनी साधा बेरजेचा प्रोग्रॅमही चालत नाही. मशीन बिघडलेलं नसतं आणि शिकणाऱ्याला जमत नाही असंही नसतं. सुरुवातीचे दोन महिने दिसणारा एरर आपल्या कोडमधल्या चुकीचा असावा, सेटअपमधल्या चुकीचा नसावा. निवड करताना एवढं एक पाहिलं तरी निम्मा त्रास वाचतो.

आधी लॅपटॉप बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडलं की रॅम किती आहे, विंडोज ६४ बिट आहे की ३२ बिट, हे कळतं. ४ जीबी रॅमवर शिकणं अजिबात अडत नाही, फक्त जड सॉफ्टवेअर टाळायचं. जुन्या मशीनवर अजून विंडोज ७ असेल तर पायथन या भाषेची ३.८ च्या पुढची आवृत्ती त्यावर चालत नाही.

मग सी ड्राइव्हवर एक फोल्डर करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नको. विंडोज सुरू करताना कुणी हौसेने आपलं नाव देवनागरीत टाकलेलं असतं. मग डेस्कटॉपवर ठेवलेल्या प्रत्येक फाइलच्या पत्त्यात ते नाव येतं आणि सी भाषेचे काही कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारी साधनं) तिथेच अडखळतात. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असला तर कंपाइल होत असताना वनड्राइव्ह तीच फाइल धरून बसतं. स्वतःचा वेगळा फोल्डर असला की दोन्ही कटकटी जातात. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाइल एक्स्टेन्शन दिसतील असंही करून घ्या. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेल्या पायथन फाइलच्या शेवटी नकळत डॉट टीएक्सटी चिकटतं आणि ते दिसतच नाही.

पायथन शिकायचं असेल तर पहिलं साधन थॉनी. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ते नवशिक्यांसाठीच तयार झालं. पायथन त्याच्या पोटातच येतं, वेगळं टाकावं लागत नाही. एफ ५ दाबला की प्रोग्रॅम चालतो. पण खरा उपयोग पुढे आहे. व्ह्यूमध्ये व्हेरिएबल्स चालू करा, कंट्रोल आणि एफ ५ दाबा, मग एफ ६ दाबत एकेक ओळ पुढे जा, आणि एखाद्या ओळीच्या आत शिरायचं असेल तर एफ ७. लूपमध्ये बेरीज कशी वाढत जाते, कोणत्या फेरीत चुकते, हे डोळ्यांसमोर दिसतं. वहीवर ड्राय रन करण्याची, म्हणजे एकेक ओळ हाताने सोडवून पाहण्याची सवय लावणाऱ्या शिक्षकांनी हे मुलांना जरूर दाखवावं.

पुढे पायथन डॉट ऑर्गवरून पायथन टाकाल तेव्हा यादीतली एम्बेडेबल लिहिलेली फाइल घेऊ नका, त्यात पिप, म्हणजे पायथनची जादा पॅकेजेस टाकणारं साधन, नसतं. विंडोज ६४ बिट असेल तर नेहमीचा ६४ बिट इन्स्टॉलर घ्या. पहिल्याच खिडकीत खाली पाथमध्ये (विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या यादीत) जोडण्याचा चौकोन असतो आणि तो मुळात रिकामा असतो. त्यावर टिक करा, मगच इन्स्टॉल दाबा. राहून गेलं तर काढून पुन्हा टाकायची गरज नाही: तोच इन्स्टॉलर पुन्हा उघडून मॉडिफाय निवडा, पुढच्या पानावर एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सचा चौकोन भरा आणि कमांड प्रॉम्प्ट बंद करून नव्याने उघडा. पायथन असं टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमधल्या ॲप एक्झिक्युशन एलियासेसमध्ये जाऊन पायथनची बटणं बंद करा.

आणखी एक चूक सगळ्यांकडून होते. रँडम मॉड्यूल (पायथनसोबत येणारा तयार कोड) शिकताना आपल्या फाइललाच रँडम नाव दिलं जातं. मग पायथन स्वतःचं मॉड्यूल सोडून तुमचीच फाइल उचलतो आणि भलताच एरर देतो. चित्रं काढायच्या टर्टल मॉड्यूलचंही तसंच.

आता सी. टर्बो सी अजूनही कित्येक लॅबमध्ये आहे आणि घरी टाकायचा आग्रहही होतो. नका टाकू. ते डॉसच्या काळातलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं साधन आहे. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानकच त्यानंतरचं, १९९८ चं. फरक किती पडतो ते कांद्याच्या हिशोबात बघा. लासलगावला २५ क्विंटल कांदा क्विंटलला २००० रुपये भावाने गेला. दोन्ही आकडे इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार), गुणाकार इंट. उत्तर ५०,००० हवं, टर्बो सी दाखवतं उणे १५,५३६. कारण तिथे इंट दोन बाइटचा, त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावतच नाही, आणि ५०,००० मधून ६५,५३६ वजा होऊन उरतं ते पडद्यावर येतं. जीसीसी या आजच्या कंपायलरमध्ये इंट चार बाइटचा आहे, उत्तर बरोबर येतं. टर्बो सी वापरणारी मुलगी मात्र तासभर आपलं गणित तपासत बसते.

टर्बो सीऐवजी कोडब्लॉक्स घ्या, त्यात सी लिहिताही येतं आणि चालवताही येतं. डाउनलोडच्या पानावर सारख्याच नावाच्या बऱ्याच फाइली दिसतात. ज्या सेटअप फाइलच्या नावात मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचं जीसीसी) आहे तीच घ्यायची. दुसरीत कंपायलर नसतो, आणि बिल्ड करताना कंपायलर अवैध असल्याचा संदेश येतो. लॅबमधला जुना प्रोग्रॅम इथे चालवायचा तर कोनिओची हेडर ओळ, क्लियरस्क्रीन आणि शेवटचं गेटसीएच काढा, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिहा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टर्बोच असेल तर तेवढ्या ओळी तिथे परत घाला. दुसऱ्यांदा बिल्ड करताना परमिशन डिनाइड आलं तर बहुधा मागच्या वेळी चालवलेल्या प्रोग्रॅमची काळी खिडकी उघडीच असते. ती बंद करा. तरीही आलं तर अँटिव्हायरसने नवी एक्झी फाइल अडवली आहे का ते पाहा.

व्हीएस कोडबद्दल थोडक्यात: छान आहे, पण तो एडिटर आहे, कंपायलर नाही. ४ जीबीवर ब्राउझरसोबत तो जड जातो, म्हणून सहा महिने थांबलात तरी बिघडत नाही. त्याचा सोर्स कोड मुक्त आहे, म्हणजे कुणालाही तो पाहता, बदलता, वाटता येतो, पण मायक्रोसॉफ्ट देतं त्या तयार प्रतीचा परवाना वेगळा आहे. त्याच कोडपासून बनवलेलं व्हीएसकोडियम खऱ्या अर्थाने मुक्त. फुकट आणि मुक्त यांतला फरक विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच सांगायला हवा.

मराठीत आउटपुट घेण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि व्हायलाच हवा. पायथनमधून फाइलमध्ये नाशिक लिहायला गेलात तर विंडोजवर युनिकोड एन्कोड एरर येऊ शकतो, कारण फाइल उघडताना विंडोजचं जुनं एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) धरलं जातं आणि त्यात देवनागरी नाही. ओपनच्या कंसात एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगितलं की काम होतं. मग त्या शब्दाची लांबी विचारून बघा. उत्तर ५ येतं: न, काना, श, वेलांटी आणि क. काना-वेलांटी वेगळी मोजली जाते, हे इतकं सहज दुसरीकडे कळत नाही.

विंडोज फारच रेंगाळत असेल तर त्याच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर बरं. आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) दोन जीबीच्या वर असते, म्हणून रोजच्या दीड जीबी मोबाइल डेटावर ती उतरवायला बसू नका. कॉलेजच्या वायफायवर घ्या, फाइल नीट उतरली का ते कळायला एसएचए-२५६ आकडा जुळवा, रूफस या छोट्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवा आणि आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, कीबोर्ड तपासा. फोटो, प्रमाणपत्रं दुसरीकडे ठेवून मगच इन्स्टॉल करा, तेही बॅटरी पूर्ण भरून. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात मध्येच वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली तर अर्धवट पार्टिशन हाती येतं.

यातली मुक्त साधनं दुसऱ्याला कॉपी करून देता येतात, त्यांना क्रॅक लागत नाही. निफाड-येवल्याहून रोज एसटीने येणाऱ्या मुलांसाठी वर्गात एक पेनड्राइव्ह फिरवा: थॉनी, कोडब्लॉक्स, पायथन, आणि कोणती आवृत्ती कधी उतरवली ते लिहिलेली एक छोटी टेक्स्ट फाइल. त्यावर क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर नावाची एकही फाइल ठेवू नका.