हतनूरचे वारकरी

जानेवारीतल्या एका रविवारी दुपार कलताना भाच्याला घेऊन हतनूर धरणावर गेलो. ओढ पट्टकदंबांची. हिमालय ओलांडून आलेला हंस भुसावळच्या एवढ्या जवळ उतरतो म्हटल्यावर घरी झोपवत नाही. चांगदेवला, जिथं पूर्णा तापीला मिळते, त्या बाजूला हरभऱ्याच्या बांधावर बसलो. आधी भरीत आणि कळण्याची भाकरी उरकली, मग नवीकोरी वही काढली.

हंस होते, पण पार पलीकडे. त्यांच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या मी निव्वळ श्रद्धेनं पाहिल्या. धरणाला 41 दरवाजे, तरी साचलेला गाळ हटत नाही. माणसाला तो नको, पाखरांची मात्र चैन. उथळ पाणी, पाणगवत, मध्येच उघडी पडलेली बेटं.

अगदी समोर, ढेकूळ टाकलं तर लागेल इतक्या जवळ, वारकरी होते. काळं अंग, पांढरी चोच आणि तिथून कपाळावर चढलेला पांढरा टिळा. हे नाव ठेवणारा कधीतरी दिंडीत चाललेला असणार. वागणं मात्र वारकऱ्याचं नाही. एकमेकांच्या पाया पडणं दूरच. मान पाण्यालगत ताणून हे एकमेकांच्या अंगावर जातात. उडायचं तर आधी पाण्यावर पावलं आपटत लांबवर धावावं लागतं. तसे दहा-बारा धावले आणि भाचा ओरडला, "मामा, रिंगण!"

इथून जवळच कोथळीला मुक्ताईचं मंदिर. तिची पालखी ज्येष्ठात पंढरपूरला निघते, तोवर थंडीचे हे पाहुणे बहुतेक गेलेले असतात. ते येतात कार्तिकीच्या सुमाराला. एकाच काठावरचे वारकरी, पण गाठ पडत नाही.

जाळं खांद्यावर टाकून एक बाबा थांबले.

"काय पाह्यता भाऊ?"

"हंस. फार लांब आहेत."

"ते? ते रातच्याला आमच्या हरभऱ्यात येतात. तिथं या पाह्याले. हाकलालेबी मदत होईन."

ऊन तांबूस झालं. पलीकडचे हंस एकदम उठले आणि डोक्यावरून आवाज करत शेतांकडे गेले. वर पाहता पाहता दुर्बीण धरायची राहून गेली. भाच्यानं वही पुढं केली. एक अक्षर नव्हतं. चांगदेवांनी कोरं पत्र पाठवलं तेव्हा मुक्ताई म्हणाली म्हणे, चौदाशे वर्षं जगून हा कोराच! आपली तर जेमतेम पन्नाशी. घाईघाईनं लिहिलं : वारकरी, पुष्कळ.