आधी भरा, मग परत मिळेल

माझ्या धाकट्या बहिणीला २०२४ मध्ये कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, साताऱ्याजवळच्या एका खासगी कॉलेजात इंजिनीअरिंगची जागा मिळाली. त्याच वर्षी ८ जुलैला शासन निर्णय (जीआर) निघाला होता. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. २०१९ला माझ्या वेळी निम्मीच माफ होती. म्हणून घरात खरोखर हायसं वाटलं.

प्रवेशाला गेलो तर काउंटरवरचे म्हणाले, "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल." मी मोबाईलवर जीआर दाखवला. त्यांचं एकच, आम्हाला वरून पत्र नाही. जागा पक्की करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. संध्याकाळी आईने बोरमाळ काढून दिली, अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी पतसंस्थेत सोनेतारणाला गेले आणि दुपारपर्यंत आम्ही फी भरली.

मग महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, फॉर्म. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, ईडब्ल्यूएसचा दाखला, रेशनकार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती. दाखल्यांसाठी अण्णांनी तलाठी आणि सेतू मिळून चार खेपा घातल्या. सोयाबीनच्या भांगलणीचे दिवस होते, बायकांवर लक्ष ठेवायला कोणी नाही. आमची जमीन अडीच एकर. ज्यांना रोजावर जावं लागतं त्यांनी चार रोज कसे बुडवायचे?

फॉर्म दोनदा कॉलेजकडून परत आला. एकदा दाखला मागच्या वर्षाचा, एकदा आईचं नाव मार्कलिस्टवर वेगळं. ते दुरुस्त केलं. तरी पैसे येईनात. खरी अडचण शोधायला मला दीड महिना लागला. तिचं आधार शाळेत असताना उघडलेल्या खात्याला जोडलेलं होतं आणि ते खातं वापराविना बंद पडलेलं. फॉर्ममध्ये तुम्ही कुठलाही खातेनंबर लिहा, डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे आधारला शेवटचं जोडलेलं जे खातं असेल तिथेच जातात. हे आधी कोणीच सांगत नाही, म्हणून इथे लिहितेय. फॉर्म भरण्याआधी बँकेत जाऊन तेवढं तपासा.

त्याच काळात माझी मैत्रीण जर्मनीला एम.एस.साठी निघाली होती. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. मी तिला म्हटलं, नशीबवान आहेस. तर ती म्हणाली, व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात. म्हणजे तेव्हाचे ११ लाखांच्या आसपास. तिच्या वडिलांनी प्लॉट विकला. इंग्लंडमध्ये फी चांगलीच जास्त आहे, पण तिथल्या मुलांच्या फीचं कर्ज सरकार थेट विद्यापीठाला देतं. २०२३ पासून शिकायला लागलेल्यांनी वर्षाला २५,००० पौंडांपेक्षा जास्त कमावलं तरच, वरच्या रकमेच्या ९ टक्के फेडायचे, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. कर्ज वर्षानुवर्षं मानेवर राहतं हे खरं. पण प्रवेशाच्या दिवशी कोणाच्या आईला दागिना काढावा लागत नाही.

आमच्या आबांना, म्हणजे आजोबांना, हे सांगितलं. त्यांनी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेतून बी.ए. केलं, सकाळी शेतात काम आणि मग वर्ग. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी बोर्डिंगच्या पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं. त्या वेळी सरकारच परकं होतं बाळा. आता सरकार आपलं आहे, पैसेही देतंय. मग आधी बोरमाळ का?"

पहिला हप्ता फेब्रुवारीत आला, दुसरा उन्हाळ्यात. योजना खरी आहे आणि पैसे खरंच मिळतात, हे ठासून सांगते, कारण गावातल्या दोन घरांनी "कशाला फसायचं" म्हणून मुलींचा अर्जच भरला नाही. डेव्हलपमेंट फी, बस आणि मेस यात बसत नाही, ते धरून चला. बोरमाळ जूनमध्ये सोडवली. पतसंस्थेचं दहा महिन्यांचं व्याज अण्णांनी सोयाबीनच्या पैशातून भरलं.

यंदा दुसऱ्या वर्षाचा फॉर्म धाकटी स्वतः भरतेय. शेजारची बारावीची पोरगी काल आधार आणि पासबुक घेऊन तिच्याकडे आली होती. आधी खातं तपासून आण, म्हणून तिने तिला बँकेत पाठवलंय.